जूनचा दुसरा आठवडा, राइट टाउन

महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. विदर्भातल्या त्याहून दहा-पंधरा दिवस उशिरा, कारण तिथला उन्हाळा लवकर आटपत नाही. मध्य प्रदेशातल्या शाळा मात्र कित्येक दशकं १ जुलैला उघडत. जबलपूरच्या मराठी घरांचा उन्हाळा या तीन तारखांच्या मध्ये अडकलेला असे. राइट टाउन या वस्तीतल्या एखाद्या घरी मे महिन्यात पुण्याची, नागपूरची आणि तिथलीच अशी भावंडं जमली, की जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आधी पुण्याच्या मुलांचं सामान बांधलं जाई. नागपूरची आणखी पंधरवडा मुक्काम ठोकत. आणि जबलपूरची मुलं दोघांनाही निरोप देऊन पुन्हा गच्चीवर गाद्या टाकायला मोकळी. ‘आमचीच शाळा आधी का?’ या प्रश्नाला कुठल्याही मामाकडे समाधानकारक उत्तर नव्हतं.

उत्तर इतिहासात होतं. जबलपूरहून परत निघण्याचा दिवस घरच्यांच्या मर्जीने फारच क्वचित ठरला. कधी तो पंचांगाने ठरवला, कधी रेल्वे कंपनीने, कधी राज्य पुनर्रचनेने आणि कधी शिक्षण खात्याच्या परिपत्रकाने. घरच्यांच्या हाती राहिलं ते शिदोरी बांधणं आणि स्टेशनवर पोचवायला जाणं.

मराठी माणूस जबलपुरात पोचला तो रेल्वेच्या बराच आधी, आणि तेव्हा तो पाहुणा म्हणून गेला नव्हता. गढा-मंडल्याचं गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी घेतलं. पेशव्यांनी १७९८ मध्ये मंडला आणि नर्मदेचं खोरं नागपूरच्या भोसल्यांना दिलं. त्यांचा अंमल १८१७-१८च्या इंग्रज-मराठा युद्धापर्यंत टिकला. राज्यकर्ते म्हणून घालवलेली ही चाळीस वर्षं जबलपूरकरांच्या आठवणीत फारशी गोड नाहीत. गोंड राणी दुर्गावतीचं नाव तिथे रस्त्यांना, विद्यापीठाला, संग्रहालयाला आहे. मराठी सुभेदाराचं नाव सांगा म्हटलं तर जाणकारालाही आठवावं लागेल. मराठी माणसाचा तिथला खरा संसार नंतर उभा राहिला. कारकून, शिक्षक, वकील, स्टेशनमास्तर आणि कारखान्यातले फिटर यांनी तो उभा केला.

त्या काळात दक्षिणेतून काशीला जाणारा एक मोठा रस्ता नागपूर, शिवनी, जबलपूर करत मिर्झापूरला पोचत असे. नागपूर ते जबलपूर हे अंतर आज सुमारे पावणेतीनशे किलोमीटर भरतं. बैलगाडीने दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर धरले तरी अकरा ते चौदा दिवसांची वाट, आणि तीही सातपुड्याच्या जंगलातून. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या विल्यम स्लीमनचं नाव याच भागाशी जोडलेलं आहे. जबलपूर-कटनी मार्गावरचं स्लीमनाबाद हे त्याचंच गाव, आणि पकडलेल्या ठगांना व त्यांच्या मुलांना सतरंज्या आणि तंबू विणायला लावणारी उद्योगशाळा १८३०च्या दशकात जबलपुरातच उघडली होती. ठगांच्या कहाण्यांत इंग्रजांनी किती मीठमसाला घातला यावर आता इतिहासकारांत वाद आहे. तरी वाटेवरून माणूस परत न येण्याची भीती खरी होती, त्यात वाद नाही. काशीला निघालेला माणूस व्यवहाराची निरवानिरव करून निघे, ती उगाच नव्हे.

म्हणूनच निघण्याच्या दिवसाभोवती एवढे नियम जमले. वार पाहायचा, दिशा पाहायची, राहुकाळ टाळायचा. लेकीला बुधवारी माहेराहून पाठवायचं नाही, कारण ‘जाशील बुधी तर येशील कधी?’ यातली सगळ्यात हुशार युक्ती म्हणजे प्रस्थान ठेवणं. मुहूर्त चांगला आहे, पण त्या वेळी निघणं जमत नाही, अशी अडचण आली की एका फडक्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि एखादं वस्त्र बांधायचं, आणि ते गाठोडं जायच्या दिशेला राहणाऱ्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. गाठोडं मुहूर्तावर घराबाहेर पडलं म्हणजे शास्त्राच्या हिशेबाने माणूस निघाला. प्रत्यक्ष माणूस मग दोन-तीन दिवसांनी सवडीने निघे आणि जाता जाता गाठोडं उचलून घेई. पंचांगाशी इतक्या सभ्यपणे केलेली तडजोड दुसरी सापडणं कठीण.

रेल्वेला ही युक्ती फारच मानवली. गाडीची वेळ बदलता येत नाही आणि मुहूर्तही बदलता येत नाही, तेव्हा गाठोडं सकाळी शेजारी आणि माणसं रात्रीच्या गाडीला.

ही गाडी जबलपूरला दोन बाजूंनी आली. अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वेचे रूळ १८६७ मध्ये जबलपूरला पोचले. मुंबईकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे आपली ‘जीआयपी’, थळघाट चढून भुसावळ, खांडवा, इटारसी करत निघाली होती. दोन्ही रूळ मार्च १८७० मध्ये जबलपुरात एकमेकांना मिळाले आणि मुंबई-कलकत्ता अशी सलग वाट तयार झाली. लॉर्ड मेयो तेव्हा व्हाइसरॉय होते. जूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत जगप्रवास’ या कादंबरीचा नायक दोनच वर्षांनी, १८७२ मध्ये, याच मार्गाने निघतो. पण खोल्बी नावाच्या ठिकाणी रूळ संपतात आणि अलाहाबादपर्यंत त्याला हत्ती विकत घ्यावा लागतो. प्रत्यक्षात तोवर रूळ पूर्ण झाले होते. व्हर्नला हत्ती हवा होता, म्हणून त्याने जबलपूरकरांची रेल्वे कादंबरीपुरती उखडली.

मुंबई-पुण्याच्या लोकांना यामुळे जबलपूर जवळ आलं. नागपूरकरांची मात्र गंमत झाली. नागपूर आणि जबलपूर १८६१ पासून एकाच प्रांतात, मध्य प्रांतात, होते. नागपूर राजधानी आणि जबलपूर प्रांतातलं दुसरं मोठं शहर. नागपूरला मुंबईची गाडी १८६७ मध्ये आली, ती भुसावळहून. आणि नागपूर-इटारसी हा थेट मार्ग पूर्ण व्हायला १९२०चं दशक उजाडलं. म्हणजे १८७० नंतर तीसेक वर्षं एखाद्या नागपूरकराला आगगाडीने जबलपूरला जायचं असेल तर आधी पश्चिमेला भुसावळपर्यंत यायचं, तिथे गाडी बदलायची आणि मग ईशान्येकडे वळून खांडवा-इटारसीमार्गे जबलपूर गाठायचं. पावणेतीनशे किलोमीटरच्या गावासाठी नऊशेहून अधिक किलोमीटरचा फेरा. रेल्वेची आखणी कापसाची आणि कलकत्त्याची सोय पाहून झाली होती. एकाच प्रांतातल्या दोन शहरांत सासर-माहेर असणाऱ्यांचा विचार त्यात असण्याचं कारणच नव्हतं.

ही कोंडी फोडली ती छोट्या गाडीने. बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले. काम १९०३ ते १९०५च्या सुमारास टप्प्याटप्प्याने पुरं झालं. सातपुड्याच्या जंगलातून जाणारी ही सुमारे २३० किलोमीटरची वाट. नैनपूर हे तिचं मोठं जंक्शन. तिथून मंडल्याला आणि छिंदवाड्याकडे फाटे फुटत. भंडारा, गोंदिया, बालाघाट या पट्ट्यातल्या आणि नागपूरच्या मराठी घरांसाठी पुढची शंभराहून अधिक वर्षं जबलपूर म्हणजे ही गाडी. जबलपुरात तिचं स्टेशन हाऊबाग. हाऊबाग सोडलं की ग्वारीघाट, मग नर्मदेचा पूल. पुलावर खिडकीतून पैसा टाकायचा आणि ‘नर्मदे हर’ म्हणायचं. गाडी इतकी सावकाश जाई की नेम चुकायची भीती नसे. गोंदियाला उतरून मोठ्या गाडीत बसलं की मुलांना तिचे डबे दिवाणखान्याएवढे वाटत.

राइट टाउन ही इंग्रजी अमदानीत जुन्या शहराबाहेर आखलेली वस्ती. शेजारी नेपियर टाउन, पलीकडे गोल बाजार. सरळ रस्ते, मोकळे प्लॉट, पुढे अंगण आणि मागे पेरूची झाडं, ही तिची जुनी ठेवण. शिकलेल्या, नोकरी-वकिली करणाऱ्या वर्गाने ती पसंत केली आणि त्यात मराठी कुटुंबंही आली. गोल बाजारात दत्त मंदिर आणि महाराष्ट्र शाळा. म्हणजे गणपतीच्या आरतीला आणि मुलांच्या बाराखडीला फार लांब जावं लागत नव्हतं. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, दूधवाल्याशी बुंदेली. या सगळ्याची छान खिचडी तोंडात बसे. पुण्याची मुलं पहिल्या दिवशी ‘भाजी घेऊन घेतली का?’ हे ऐकून हसत आणि तिसऱ्या आठवड्यात स्वतःच तसं बोलू लागत.

या वस्तीची सगळ्यात प्रसिद्ध रहिवासी मराठी नव्हती, पण मराठी माणसाला ती परकी वाटू नये. झाशीच्या राणीवरच्या कवितेमुळे हिंदी मुलखात घरोघरी पोचलेल्या सुभद्राकुमारी चौहान राइट टाउनमध्ये राहत. त्यांचे पती लक्ष्मणसिंह जबलपूरला आले ते ‘कर्मवीर’ या साप्ताहिकामुळे. जानेवारी १९२० मध्ये जबलपुरात सुरू झालेल्या या पत्राचे संपादक माखनलाल चतुर्वेदी होते आणि त्यामागे उभा होता एक मराठी माणूस, माधवराव सप्रे. दमोह जिल्ह्यातल्या पथरियात १८७१ मध्ये जन्मलेल्या सप्र्यांनी हिंदी पत्रकारितेत आयुष्य घातलं आणि ‘दासबोध’ व टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. पुण्यात त्यांचं नाव किती जणांना माहीत असेल कोण जाणे. भोपाळला त्यांच्या नावाचं वृत्तपत्र संग्रहालय आहे.

नागपूर-जबलपूर हा रस्ता सुभद्राकुमारींच्या पायाखालचा होता. १९२३च्या मार्चमध्ये झेंडा सत्याग्रहाची ठिणगी जबलपूरच्या टाउन हॉलवर तिरंगा लावण्यावरून पडली आणि मग ते आंदोलन नागपूरला पेटलं. सुभद्राकुमारी दोन्हीकडे होत्या. पुढे त्या प्रांताच्या विधानसभेवर निवडून गेल्या, म्हणजे पुन्हा नागपूरच्या वाऱ्या. १५ फेब्रुवारी १९४८ ला वसंत पंचमीच्या सुमारास नागपूरचं काम आटोपून मोटारीने घरी परतताना शिवनीजवळ अपघात झाला आणि त्यात त्या गेल्या. वय ४३. याच सुमारास जबलपुरातलं आणखी एक बिऱ्हाड उलट दिशेला, नागपूरला हललं. गजानन माधव मुक्तिबोध हे हिंदीतले मोठे कवी, घरात मात्र मराठी बोलणारे. १९४६ नंतर ते जबलपूरच्या हितकारिणी शाळेत शिकवत होते आणि १९४८ मध्ये नागपूरला गेले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले कवी. एका घरातल्या दोन भावांनी दोन भाषा वाटून घ्याव्यात, हे त्या प्रांतातच होऊ शकलं असतं.

तो प्रांतच १९५६ मध्ये मोडला.

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला. नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. जबलपूरला राजधानी हवी होती. मिळालं उच्च न्यायालय, आणि नागपूरचं न्यायालयाचं बिऱ्हाड जबलपूरला आलं. राजधानी गेली म्हणून नागपूर रुसलं, राजधानी आली नाही म्हणून जबलपूर. या दोन रुसव्यांच्या मध्ये सरकारी नोकरांच्या वाटण्या झाल्या. काही जण मुंबई राज्याच्या वाट्याला आले, काही मध्य प्रदेशच्या. वकिलांपुढेही प्रश्न उभा राहिला: अशील इथे आणि न्यायालय तिथे. न्यायमूर्ती पुरुषोत्तम विनायक दीक्षित १९५९ ते १९६९ अशी दहा वर्षं जबलपूरला मुख्य न्यायाधीश होते. मराठी माणसाला तिथे परकं वाटू नये याला असं एखादं नाव पुरे असतं. मध्य प्रदेश वीज मंडळाचं मुख्यालयही जबलपूरला राहिलं, म्हणजे इंजिनिअरांची आणखी एक भरती.

त्याहून मोठी भरती संरक्षण खात्याच्या कारखान्यांची. तोफगाड्यांचा कारखाना १९०४ पासून होताच. दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला आणि १९६९ मध्ये वाहन कारखाना, जिथून लष्कराचे शक्तिमान ट्रक बाहेर पडले. खडकी, अंबरनाथ, वरणगाव, भंडारा इथल्या आयुध निर्माणीतले लोक बदलीवर जबलपूरला जात आणि जबलपूरचे इकडे येत.

इथून पुढे सुट्टीला एक वेगळंच रूप आलं. एरवी मराठी घरात उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आईबरोबर आजोळी. पण बदली झालेल्या अनेक घरांत मुलांची मराठी शाळा मोडू नये म्हणून आई आणि मुलं नागपूरला किंवा पुण्याला राहिली आणि बाबा एकटे जबलपूरला गेले. खोली भाड्याची, डबा कुठल्या तरी मावशींचा, आणि दर आठवड्याला एक आंतर्देशीय पत्र. न्यायालयांना उन्हाळी सुट्टी असते. ती साहेबांच्या सोयीने सुरू झालेली. मध्य प्रांताचा अख्खा कारभार पूर्वी उन्हाळ्यात पचमढीला चढत असे. कारखान्याला असली चैन नव्हती. मे महिन्यातही भोंगा वेळेवर वाजे. बाबांना यायला रजा नाही, म्हणून मुलांनी जायचं. १९५६च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने आपल्या नोकरांना मूळ गावी जाण्यासाठी प्रवास सवलत दिली, पण ती दोन वर्षांतून एकदा. मधल्या वर्षी मुलांची तिकिटं खिशातूनच.

अशा घरात शेवटचा दिवस फार घाईचा जाई. महिनाभर बाबा दिवसा कारखान्यात आणि मुलं शेजारच्या अंगणात; सगळी राहून गेलेली कामं त्या एका दिवसावर येत. भेडाघाट एकदा तरी झालेलाच असे: संगमरवराच्या कड्यांमधली होडी, धुवांधारचा तुषार, चौसष्ट योगिनींच्या मोडक्या मूर्ती. पण शेवटच्या दिवशी पहाटे ग्वारीघाट चुकवायचा नाही. पानाच्या द्रोणात दिवा सोडायचा, बाटलीत पाणी भरून घ्यायचं आणि वाळूत गोटा शोधायचा. ‘नर्मदा के कंकर सब शंकर’ या न्यायाने इथला गुळगुळीत, लांबट गोटा महाराष्ट्रातल्या देव्हाऱ्यात बाणलिंग म्हणून बसतो. शिष्टाचार असा की तो खिशात घालायचा नाही, फडक्यात गुंडाळायचा. मुलं अर्थात दोन्ही खिसे भरून आणत आणि गाडीत बसण्याआधी आईच्या हुकमाने त्यातले बरेच रिकामे होत. पुण्यामुंबईच्या देवघरांत आज असे कित्येक गोटे आहेत, ज्यांची पूजा रोज होते आणि ते कुणी, कुठल्या सुट्टीत आणले हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

दुपारी सामान. जबलपूर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर तापलेलं, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून मारून हात दुखलेले आणि जमिनीवर होल्डॉल पसरलेला. होल्डॉल ही वस्तू आता दाखवायलाही मिळत नाही. जाड कॅनव्हासची लांबलचक पथारी, दोन्ही टोकांना खोळी, मध्ये सतरंजी-चादरी, आणि गुंडाळी करून वर चामड्याचे पट्टे. पट्टा ओढताना एकाने गुंडाळीवर बसायचं असतं. ते काम घरातल्या सगळ्यात लहान मुलाचं. खोळीत चपला, मधल्या घडीत चारोळीची पुरचुंडी. मंडला-छिंदवाड्याच्या जंगलातली चारोळी महाराष्ट्रात सोन्याच्या भावाने मिळते, म्हणून ती मौल्यवान कागदपत्रांइतकी जपून ठेवली जाई. येताना हापूसची पेटी आलेली असे, जाताना लंगडा आणि दशहरी. कोकणातला आंबा मेअखेर संपतो आणि उत्तरेचा जूनमध्ये भरात येतो. इतकी सोयीची देवाणघेवाण कुठल्याही दोन सरकारांना जमलेली नाही. संध्याकाळी खव्याची जिलेबी. ती काळपट, जाड आणि जड असते. पुण्याची जिलेबी खाऊन वाढलेल्याला पहिला घास घेईपर्यंत ती जिलेबी आहे हेच पटत नाही. बांधून न्यावी तर दुसऱ्या दिवशी तिचा दगड होतो, म्हणून ती तिथेच खायची.

शिदोरीचं शास्त्र तर पंचांगाहून कडक. गाडीत पाण्यात भिजवलेली पोळी न्यायची नाही, उन्हाळ्यात ती आंबते. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या दोन दिवस टिकतात, आणि सोवळं पाळणाऱ्या आजीलाही चालतात. त्यांच्यासोबत दाण्याची चटणी, कैरीचा तक्कू, तिखटमिठाच्या पुऱ्या. पाण्यासाठी फिरकीचा तांब्या, आणि वर मातीची सुरई, जी इटारसीपर्यंत तरी फुटू नये अशी प्रार्थना. निघताना हातावर दही, देवाला नमस्कार, मोठ्यांच्या पाया पडणं, लेकीची ओटी. मग टांगा.

गाडीचं आरक्षण हा सगळ्यात नाजूक विषय. जबलपूर मुंबई-हावडा मार्गावर मध्येच लागतं. अलाहाबादमार्गे येणारी हावडा मेल तिथे येई ती आधीच भरलेली, आणि जबलपूरचा कोटा तुटपुंजा. संगणकावरचं आरक्षण देशात १९८०च्या दशकाच्या मध्यावर सुरू झालं आणि मधल्या शहरांत पोचायला आणखी वेळ लागला. तोवर परतीचं तिकीट म्हणजे खिडकीवरच्या बाबूची ओळख, रेल्वेतल्या कुणाचा तरी मेहुणा आणि नशीब. सुट्टीचा शेवटचा दिवस मग ‘ज्या तारखेला बर्थ मिळेल तो’ असा ठरे. दोन दिवस आधीची तारीख मिळाली की मुलांच्या दृष्टीने दोन दिवस चोरीला गेले. वेटिंगमध्ये राहिली की लॉटरी. बुधवारचा नियम मोडला तो समाजसुधारकांनी नव्हे, वेटिंग लिस्टने. बुधवारची तिकिटं मिळाली तर आजी म्हणे, ‘प्रस्थान मंगळवारीच ठेवलंय,’ आणि विषय संपे.

राइट टाउनकरांना एक सोय होती. गोंड राजाच्या टेकडीवरच्या गढीचं नाव धारण करणारं मदन महल स्टेशन त्यांना जवळ, आणि इटारसीकडे जाणारी गाडी मुख्य स्टेशन सोडल्यावर तिथूनच जाते. पण तिथे सगळ्या गाड्या थांबत नसत आणि ज्या थांबत त्या दोन मिनिटं. होल्डॉल, ट्रंक, सुरई, आंब्याची करंडी आणि चार मुलं दोन मिनिटांत चढवणं हे बहुतेक वडिलांच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून मुख्य स्टेशन. बाबा प्लॅटफॉर्म तिकीट काढून खिडकीशी उभे राहत आणि गेल्या महिनाभरात सांगून झालेल्या सगळ्या सूचना पुन्हा सांगत: हात बाहेर काढू नका, इटारसीला उतरू नका, पोचल्याबरोबर कार्ड टाका. पोचल्याचं कार्ड हा त्या काळचा करार होता. मजकूर ठरलेला, दोन ओळींचा. ते चार-पाच दिवसांनी मिळेपर्यंत पलीकडचा जीव टांगणीला.

इंजिन कोळशाचं असेतो खिडकीशी बसणाऱ्याच्या डोळ्यात कण जाणं ठरलेलं. रात्री पिपरिया, इटारसी. सकाळी भुसावळ, केळी. मनमाडला पुण्याची मंडळी गाडी बदलत. मुंबईची पुढे जात आणि इगतपुरीनंतर कसारा घाटात त्यांना पाऊस भेटे. कोकण-मुंबईत मोसमी पाऊस साधारण १० जूनच्या आसपास येतो, जबलपूरला त्यानंतर आठवडाभराने. आदल्या संध्याकाळी ताट्यांवर पाणी मारणारी मुलं दुसऱ्या दिवशी ओल्या खिडकीच्या काचा वर ओढत. जबलपूरची भावंडं मात्र तेव्हाही गच्चीवर झोपून आभाळाकडे पाहत असत.

एका वर्षी या सगळ्या वेळापत्रकाला जमिनीनेच धक्का दिला. २२ मे १९९७ ला पहाटे चारच्या सुमारास जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. चाळीसच्या आसपास माणसं गेली, हजारो घरांना तडे गेले. सुट्टीचा ऐन भर. पुढचे काही दिवस लोकांनी घराबाहेर, मैदानांत आणि रस्त्याकडेला रात्री काढल्या. मदन महलच्या टेकडीवर एका दगडावर तोललेला दुसरा प्रचंड दगड मात्र जागचा हलला नाही. पाहुण्यांना तो दाखवायला नेणाऱ्या जबलपूरकरांना तेव्हापासून सांगायला एक गोष्ट जास्तीची मिळाली.

बाकीचे बदल सावकाश झाले. जबलपूर २००३ मध्ये पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय झालं आणि तिथूनच सुटणाऱ्या गाड्या वाढल्या. मुंबईला गरीबरथ, नागपूरमार्गे अमरावतीला एक्सप्रेस. गाडी जिथून सुटते तिथे बर्थची मारामारी कमी, हे उघड आहे. छोटी गाडी २०१५च्या सप्टेंबरअखेर जबलपूरहून शेवटची धावली. पुढच्या पाच-सहा वर्षांत गोंदियापर्यंत रुंद रूळ पडले. हाऊबागला आता कुणी कुणाला पोचवायला जात नाही. नागपूरकर बहुतेक मोटारीनेच जातात. पेंचच्या जंगलात रस्ता खांबांवर उचलला आहे आणि खालून वाघ-सांबर जातात. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो, त्यामुळे दशम्या करायचं कारण उरलं नाही. त्या आता हौसेने केल्या जातात.

शाळेच्या तारखाही उलटल्या. मध्य प्रदेशात नवं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं आणि उन्हाळ्याची सुट्टी जूनच्या मध्यावर संपते. विदर्भातल्या शाळा अजूनही जूनच्या शेवटच्या आठवड्याकडे उघडतात. पूर्वी नागपूरच्या मुलांना जबलपूर सोडावं लागे आणि राइट टाउनची मुलं मागे राहत. आता नागपूरला आजोळी आलेल्या राइट टाउनच्या मुलांना आधी निघावं लागतं. ‘आमचीच शाळा आधी का?’ हा प्रश्न हल्ली ती विचारतात, थोड्या हिंदी वळणाने, आणि नागपूरच्या मामालाही उत्तर देता येत नाही.